डोंगरी ई-सायकल: मोटर किती वॅटची, बॅटरी केवढी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बेळगावच्या टिळकवाडीत राहता, वय ४६, वजन ८२ किलो. घरी २९ इंची चाकांची, गिअरची डोंगरी सायकल आहे आणि तिलाच मोटर बसवायची आहे. आठवड्यातून दोनदा येळ्ळूरच्या राजहंसगडावर, रविवारी जांबोटीच्या बाजूला जाऊन-येऊन ४६ किलोमीटर, त्यांतले सुमारे १६ किलोमीटर मुरमाच्या कच्च्या वाटेचे, आणि वर्षातून एकदा चोर्ला घाट उतरून पुन्हा वर यायचे, असा आपला बेत आहे. गुडघा चढावर पूर्वीसारखी साथ देत नाही. दुकानदाराने मागच्या चाकात बसणारी १००० वॅटची हब मोटर आणि ४८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी सुचवली आहे. घाटात याहून कमी चालणारच नाही, असे त्याचे म्हणणे आहे. आपले मित्र मात्र २५० वॅट पुरेत असे सांगतात. यात खरे कोणाचे?

मी उद्यमबागेत मोटरींच्या वाइंडिंगचे काम करतो. पंपांच्या, कारखान्यातल्या यंत्रांच्या मोटरी हा मूळ धंदा. पण गेली सात-आठ वर्षे ई-सायकलींच्या मोटरी आणि बॅटऱ्याही माझ्या टेबलावर येतात, आणि पाऊस नसला की रविवारी मी स्वतः याच वाटांवर सायकल चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो की दोघेही अर्धेच बरोबर आहेत, कारण दोघेही वॅटपासून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती आपल्या सर्वांत तीव्र चढावर आपला वेग किती खाली येतो तिथपासून. तो आकडा एकदा हाती आला की मोटर कुठे बसवायची, किती ताकदीची घ्यायची आणि बॅटरी केवढी लागेल, हे बहुतेक आपोआप ठरते.

हिशेब करून पाहू. आपण ८२ किलो, मोटर-बॅटरीसह सायकल २४ किलो, पाणी आणि पिशवी ४ किलो, म्हणजे एकूण ११० किलो. शंभर मीटर अंतरात आठ मीटर चढणारा रस्ता, म्हणजे आठ टक्क्यांचा चढ, ताशी १० किलोमीटरने चढायला केवळ वजन वर उचलण्यासाठी २४० वॅट लागतात आणि कच्च्या रस्त्याच्या घर्षणाचे आणखी ४५ धरावे लागतात. गडाच्या वाटेवर एखादा टप्पा पंधरा टक्क्यांचा लागला आणि वेग ताशी ७ किलोमीटरवर आला, तर ही बेरीज ३५० वॅटपर्यंत जाते. सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस तासभर ८० ते १२० वॅट सहज देऊ शकतो. आपला गुडघा लक्षात घेऊन आपल्याकडून १२० ची अपेक्षा फक्त त्या छोट्या टप्प्यापुरती ठेवू. मग मोटरच्या वाट्याला २३० वॅट उरतात. म्हणजे कागदावर २५० वॅट पुरले, आणि आपले मित्र इथपर्यंत बरोबर ठरले.

मात्र हे २३० वॅट मोटरने किती फेऱ्यांनी फिरत असताना द्यायचे, हा पुढचा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे. ताशी ७ किलोमीटरला २९ इंची चाक मिनिटाला जेमतेम ५३ फेरे घेते, आणि ताशी २५ ला तेच चाक १९० च्या आसपास फिरते. हब मोटर चाकातच बसलेली असल्यामुळे आपण मागे कितीही मोठ्या दात्यांच्या चकतीवर चेन टाकली तरी तिला त्या गिअरचा काडीचाही उपयोग होत नाही. चाक जितके मंद, तितकीच ती मंद. त्या चढावर तिला एकटीने सुमारे ४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, सतत द्यावा लागतो, आणि २५० वॅटच्या गिअर असलेल्या हब मोटरीची कमाल क्षमताच साधारण ३५ ते ४५ असते. तारेतली उष्णता वेगावर अवलंबून नसते, ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि करंट टॉर्कबरोबर वाढतो. टॉर्क दुप्पट मागितला की उष्णता चौपट होते. सपाट रस्त्यावर तेवढ्याच उष्णतेच्या बदल्यात मोटरने आपल्याला चौपट काम दिले असते. चढावर मात्र ती रखडते आणि आतल्या आत भाजते.

गेल्या उन्हाळ्यात खानापूरच्या एका गृहस्थांनी अशीच एक हब आणली होती. बाजूची सहा मळसूत्रे काढून झाकण उचलले आणि जळक्या व्हार्निशचा तो ओळखीचा आंबट-कडू वास दुकानभर पसरला. तांब्याची तार लालसर सोनेरी असायला हवी, ती एका बाजूला काळी-जांभळी झाली होती. तीन नायलॉन गिअरांपैकी एकाचे दाते मेणासारखे ओघळून गुळगुळीत झाले होते. आणि मोटर कुठवर फिरली ते ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या, अक्षातून येणाऱ्या बारीक तारांचे आवरण एकमेकांना चिकटून बसले होते. ती मोटर सदोष नव्हती. रोज सपाट रस्त्यावर दूध पोहोचवण्यासाठी वापरली असती तर ती अनेक वर्षे टिकली असती. तिला तिच्या आवाक्याबाहेरच्या चढावर रोज पाऊण तास जुंपले होते, आणि विकताना हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्यासाठी माझा सल्ला मधल्या मोटरीचा, म्हणजे पायडलच्या अक्षापाशी, बॉटम ब्रॅकेटच्या जागी बसणाऱ्या मोटरीचा आहे. ही मोटर आपल्याप्रमाणेच चेन ओढते, त्यामुळे सायकलचे सगळे गिअर तिच्याही कामाला येतात. पुढे ३२ दात्यांचे चेनव्हील आणि मागे ४६ दात्यांची मोठी चकती असेल, तर चाकाचे ५३ फेरे म्हणजे क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, ७६ फेरे; हा वेग आपल्या पायालाही सोयीचा आणि मोटरीलाही. चाकाला लागणारा तोच ४० चा टॉर्क क्रँकपाशी २८-२९ न्यूटन-मीटरच उरतो. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोच्या ईपी८ यांसारख्या डोंगरी सायकलींच्या मोटरी ८५ न्यूटन-मीटरपर्यंत देतात, आणि त्यांची नोंदवलेली सततची शक्ती २५० वॅटच आहे. नंतर बसवायच्या चांगल्या किटमधली मोटरही आपल्या गरजेच्या दुपटीने तरी सक्षम असते. म्हणजे जो चढ हबला जीवघेणा, तो मधल्या मोटरीला तिच्या निम्म्याहून कमी ताकदीत जमतो, आणि ती गार राहते.

इथे ‘२५० वॅट’ या आकड्याचा अर्थही नीट समजून घ्यावा. ही मोटर न तापता सतत किती शक्ती देऊ शकते, याची ती नोंद आहे; थोड्या वेळासाठी तीच मोटर ५००-६०० वॅट देऊ शकते. त्यामुळे दोन दुकानांतल्या दोन ‘२५० वॅट’ मोटरी चढावर अगदी वेगळ्या वागू शकतात. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: कमाल टॉर्क किती न्यूटन-मीटर, आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी पेटी, किती अँपिअरचा. ३६ व्होल्टवर १५ अँपिअरचा कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून जास्तीत जास्त ५४० वॅट ओढले जाणार. हे दोन आकडे ज्याला सांगता येत नाहीत, त्याच्याकडून घेऊ नका.

सेन्सरचाही एक मुद्दा आहे, जो डांबरी रस्त्यावर फारसा जाणवत नाही पण आपल्याकडच्या लाल मुरमावर फार जाणवतो. स्वस्त किटमध्ये पायडल फिरते आहे की नाही एवढेच पाहणारा सेन्सर असतो. अर्धा फेरा झाला की तो ठरलेली पूर्ण ताकद सोडतो, आणि सुट्या खड्यांवर मागचे चाक जागच्या जागी फिरते. टॉर्क सेन्सर आपण पायडलवर किती जोर देतो ते मोजून त्या प्रमाणात मदत देतो. गुडघ्याच्या दृष्टीनेही हाच बरा, कारण मदत आपल्या पायाच्या लयीत येते. यासाठी काही हजार रुपये जास्त पडले तरी द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता १००० वॅटबद्दल. दुकानदार खोटे बोलत नाही. ती मोटर आपल्याला गडावर नेईल. पण तिच्यासोबत येणाऱ्या गोष्टी त्याने सांगितलेल्या दिसत नाहीत. एवढ्या ताकदीच्या बहुतेक हब मोटरी वजनदार असतात, आणि मागच्या चाकातच पाच-सहा किलो वाढल्यावर दगडगोट्यांत चाक उसळते, स्पोक तुटतात, आणि पंक्चर काढायला चाक सोडवणे हे वाटेतले मोठे काम होऊन बसते. फ्रेमच्या ज्या खाचांत अक्ष बसतो त्या अशा पिळासाठी बनवलेल्या नसतात, म्हणून अक्षाला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, लावावाच लागतो.

दुसरे म्हणजे कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठताच किंवा पायडल थांबवताच मदत बंद होत असेल, बॅटरी वगळता वजन ६० किलोपेक्षा जास्त नसेल, आणि पुरेसे ब्रेक तसेच पुढे पांढरा व मागे लाल रिफ्लेक्टर असतील, तरच ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. हजार वॅट घातले की नोंदणी, विमा, परवाना हे सगळे प्रश्न उभे राहतात, आणि घरी जोडलेल्या किटची नोंदणी करून घेणे सोपे नाही. आपण सीमेवरचे लोक. एका रविवारी कर्नाटक, पुढच्या रविवारी चंदगडकडे महाराष्ट्र, आणि चोर्ला उतरले की गोवा. नियम केंद्राचा असल्यामुळे तिन्हीकडे तोच लागू आहे. दुर्दैवाने कोणाला धडक बसली तर तेव्हा हा मुद्दा केवळ कागदावरचा राहत नाही.

बॅटरीकडे वळू. सर्वांत आधी अँपिअर-अवरची तुलना करणे सोडा आणि वॅट-अवर धरा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ३६ व्होल्ट १७.५ म्हणजे ६३० वॅट-अवर आणि ४८ व्होल्ट १४ म्हणजे ६७२. दोन्ही टाक्या जवळपास सारख्याच, जरी १७.५ हा आकडा मोठा दिसत असला तरी.

किती लागतील ते अंतरापेक्षा एकूण चढाईवर अधिक ठरते. ११० किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला ३० वॅट-अवर लागतात. त्यातला दोन-तृतीयांश भार मोटरने उचलला आणि मोटर-कंट्रोलरमधले नुकसान धरले, तर बॅटरीतून शंभर मीटरमागे साधारण २७ जातात. प्रामाणिकपणे पायडल मारल्यास सपाट डांबरी रस्त्यावर किलोमीटरला ५ आणि कच्च्यावर ८ धरा. चढाई किती, हे नकाशावरच्या उंचीवरून ठरवू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, आणि मलप्रभेचा उगम जिथे होतो ते कणकुंबी सुमारे ७९२ मीटरवर. फरक पाहिला तर जेमतेम चाळीस मीटर. पण त्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही विचारा, प्रत्येक ओढ्यापाशी उतरून पुन्हा चढावे लागते आणि ही सगळी चढाई साठत जाते. मोबाइलवर एखादे सायकलिंगचे ॲप लावून एका रविवारी एकूण चढाई मोजून घ्या. मी आपल्यासाठी ७०० मीटर धरतो.

तर ३० किलोमीटर डांबरीचे १५०, १६ किलोमीटर कच्च्याचे १२८, आणि सातशे मीटर चढाईचे १८९. बेरीज ४६७ वॅट-अवर. बॅटरी दर वेळी तळापर्यंत उपसू नये, म्हणून वीस टक्के शिल्लक ठेवायची तर ५८४ लागतात. त्यावर काही वर्षांनी बॅटरीची क्षमता घटणार, हेही आहे. म्हणून ६३० ते ६७० वॅट-अवरची बॅटरी आपल्याला योग्य. नवी असताना ती सैल वाटेल आणि चौथ्या वर्षी मदतीची पातळी एक पायरी खाली ठेवून पुरेल. ५०० ची घेतलीत तर पहिल्या वर्षीच परतीच्या वाटेवर मीटरकडे डोळे लागतील. आपल्या दुकानदाराची ४८ व्होल्ट २० ची, म्हणजे ९६० ची बॅटरी खराब नाही, पण दोनेक किलो जादा वजन आणि बरीच जादा किंमत आपण वर्षातल्या एका दिवसासाठी वाहणार.

आणि तो एक दिवसही तितका अवघड नाही. चोर्ल्याचा माथा आठशे मीटरच्या आसपास. पायथ्यापासून सातशे मीटर चढाई धरली तरी त्या चढाईपुरते बॅटरीतून दोनशेच्या आत वॅट-अवर जातात. घाटात बॅटरी संपत नाही, मोटर तापते. लोक मात्र घाटाच्या भीतीने बॅटरी वाढवतात. त्या दिवशी एकूण अंतर मोठे असल्यामुळे चार्जर सोबत ठेवा आणि खाली जेवायला थांबाल तिथे दोन तास लावा. उतारावर बॅटरी भरते का, असेही आपण विचारले आहे. मधल्या मोटरीत आणि गिअरच्या हबमध्ये ते होत नाही. उतारात मोटर सुटी होते. म्हणून ब्रेक चांगले हवेत: हायड्रॉलिक डिस्क, पुढे १८० मिलिमीटरची चकती.

बॅटरीवरचे लेबल मात्र डोळे झाकून मानू नका. किराणा दुकानाचा काटासुद्धा खूप सांगून जातो. बहुतेक पॅक १८६५० या मापाच्या सेलचे असतात. एका चांगल्या सेलची क्षमता ३.५ अँपिअर-अवरच्या आसपास आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम. ३६ व्होल्टसाठी दहा सेल एकामागे एक, आणि १७.५ साठी अशा पाच ओळी समांतर, म्हणजे ५० सेल. नुसत्या सेलचेच वजन सव्वादोन-अडीच किलो, वर पेटी, पट्ट्या आणि संरक्षण सर्किट. ४८ व्होल्ट २० साठी तेरा एकामागे एक आणि अशा सहा ओळी, म्हणजे ७८ सेल, म्हणजे सेलचेच साडेतीन किलोहून अधिक. असे लेबल लावलेला पॅक पेटीसकट तीन किलो भरला, तर आत २० अँपिअर-अवर असूच शकत नाहीत. माझ्याकडे आलेल्या अशाच एका पॅकमध्ये तेरा गटांपैकी अकरावा ३.१ व्होल्टवर आणि बाकीचे ३.६ वर होते. मालकाची तक्रार अशी की मीटर अर्धी बॅटरी दाखवतो आणि चढ लागला की सायकल एकदम बंद पडते. तो एक अशक्त गट भार येताच खाली कोसळायचा आणि सर्किट सगळाच पुरवठा तोडायचे. मोठा करंट ओढणाऱ्या मोटरीबरोबर हा दोष लवकर उघडा पडतो. १५ अँपिअर पाच ओळींत वाटले गेले तर प्रत्येक सेलवर तीनच अँपिअर येतात, आणि तेवढा भार चांगला सेल अनेक वर्षे विनातक्रार सोसतो.

चार्जिंगचा खर्च मनातून काढून टाका, एका भरणीला पाऊण युनिट वीज जाते. दोन अँपिअरच्या चार्जरला आठ तास लागतात, म्हणून ते रात्री लावण्याऐवजी संध्याकाळी, आपण घरात जागे असताना, फरशीवर लावावे. उन्हातून आणलेली गरम बॅटरी तासभर सावलीत निवल्याशिवाय चार्जरला जोडू नये. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. पावसाळाभर सायकल बंद ठेवणार असाल तर बॅटरी अर्ध्याच्या थोडी वर भरून कोरड्या जागी ठेवा, आणि कनेक्टरांवर डायलेक्ट्रिक ग्रीस लावा, नाहीतर श्रावण संपेपर्यंत पिनांवर हिरवी कीट चढलेली दिसेल. मोटर अक्षापाशी खाली असल्यामुळे चिखल धुताना प्रेशरचे पाणी तिथे मारू नये.

मधल्या मोटरीचाही एक तोटा सांगायला हवा. चेनवर आपला आणि मोटरचा असा दोघांचा भार येतो, आणि लाल धूळ त्यात कानशीसारखे काम करते. चेन मोजायचे छोटे माप घ्या आणि चेन पाऊण टक्का ताणली जाण्याआधीच बदला. उशीर केलात तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चकत्यांचा संचही, बदलावी लागेल. गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करण्याची सवय लावून घ्या.

हे सगळे आपल्या वाटा आणि आपले वजन धरून सांगितले आहे. हाच प्रश्न निपाणी-चिकोडी किंवा अथणीकडच्या सपाट काळ्या रानातून कोणी विचारला असता, तर मी निःशंक २५० वॅटची हब आणि ३६ व्होल्टची बेताची बॅटरी सुचवली असती. तिथे ती स्वस्त पडते आणि देखभालही कमी. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी आपल्याला पायडल मारायलाच मनाई केली असेल, तर सायकलला मोठी मोटर लावण्यापेक्षा नोंदणी असलेली विजेची दुचाकी घेणे सुरक्षित. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांसाठी वनखात्याची परवानगी लागते, मोटर असो वा नसो.

पैसे देण्याआधी दोन कामे करा. विक्रेत्याकडे मधली मोटर बसवलेली सायकल असेल तर पूर्ण पिशवी घेऊन तिच्यावर राजहंसगडाचा चढ एकदा चढा आणि वर पोहोचताच मोटरच्या कवचाला हात लावा. पाच सेकंद हात ठेवता आला तर ठीक, चटका बसला तर ती जोडणी आपल्यासाठी नाही. आणि घरच्या सायकलीच्या मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोजून मला कळवा. किटबरोबर बहुधा ४४ किंवा ४६ दात्यांचे चेनव्हील येते. मागे ३४ च दाते असतील तर ताशी ७ किलोमीटरला क्रँक चाळीसच फेरे घेईल, गुडघ्यावर ताण येईल आणि मधली मोटरही हबसारखीच तापेल. तसे असल्यास आधी कॅसेट बदलू, आपल्या फ्रेमवर पुढे किती लहान चेनव्हील बसते ते पाहू, आणि मगच मोटर मागवू.